पासंगाचं वजन

४ फेब्रुवारी

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर अक्षरं जुळवायला माझी बोटं जाड पडतात. तेव्हा आपलं कागदच बरा.

बातमी अशी, की घरात कुत्रा आला आहे. कायमचा नाही, सांभाळायला. इथं टाकून दिलेल्या जनावरांसाठी एक संस्था आहे. त्यांचा वजनकाटा बिघडला म्हणून तिथल्या बाई माझ्या दुकानात आल्या होत्या. काटा घेऊन निघताना म्हणाल्या, "काका, दोघंच राहता, जागा आहे. एका कुत्र्याला दोन-तीन महिने ठेवून घ्याल का?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ही मागून "हो" म्हणाली. तीस वर्षांत ती माझ्या आधी बोलल्याचं हे दुसरं उदाहरण. पहिलं उदाहरण लग्नाचं.

भाडेकरू घर सोडून गेले आणि हा गच्चीवर साखळीला राहिला. किती दिवस, कोणाला माहीत नाही. टाकीतून गळून साठलेलं पाणी पिऊन जगला म्हणतात. वय अंदाजे चार वर्षं. रंग मातकट. बरगड्या डाव्या बाजूच्या मी मोजल्या, तेराच्या तेरा लांबून दिसतात. पाठीचा कणा करवतीसारखा. वजन ११ किलो २४० ग्रॅम. हे वजन संस्थेच्या काट्यावरचं नाही, माझ्या दुकानातल्या चौकोनी काट्यावरचं आहे, आणि त्याआधी वीस किलोचं प्रमाण वजन ठेवून तो मी तपासला होता. असा कुत्रा वीस किलोचा हवा. म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त कुत्रा आमच्याकडे आला आहे, बाकीचा आम्ही भरायचा आहे.

ही म्हणाली, हा तर पासंगालाही पुरणार नाही. तेव्हापासून पासंगच नाव पडलं.

संस्थेच्या अटी तीन. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं. दर रविवारी वजन कळवायचं. सोळा किलो झाला की त्याला कायमचं घर द्यायचं, त्यात पहिला हक्क सांभाळणाऱ्याचा. मी बाईंना म्हटलं, आधी सोळा तर होऊ द्या, हक्काचं मग बघू. पण कालपासून तो माझ्या खुर्चीच्या पायाला पाठ लावून बसतो. खुर्ची सरकवायची पंचाईत झाली आहे.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचलं. कुत्र्याला आणि तुला, दोघांना माझ्याकडून एकेक चापट, त्याला हळू.

मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून चार गोष्टी सांगते. उपाशी जिवाला एकदम पोटभर घालू नकोस. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. उकडलेलं मांस, मऊ भात, अंडं. खाऊन झाल्यावर त्याच्याजवळ बसायचं. तो कसा झोपतो, कसा श्वास घेतो, हिरड्या गुलाबी आहेत का पांढऱ्या, बघायचं. जिना चढताना थांबतो का, तेही बघ. पेशंट असाच कळतो.

तुझ्या काट्यावर माझा विश्वास आहे. तू पंधराव्या वर्षी एक मोडका काटा खोलून, कोणी न शिकवता परत जोडलास, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण काटा फक्त किती ते सांगतो. कशाचं, ते सांगत नाही.

रक्त तपासून घेतलंस का? आणि बायकोला विचारून वाग. तिनं हो म्हटलं म्हणजे तिला काहीतरी दिसलं असणार.

ताई

२४ फेब्रुवारी

ताईस,

आधी आकडे. २ फेब्रुवारी, ११.२४०. नऊ तारीख, ११.६००. सोळा तारीख, १२.०५०. काल तेवीस, १२.९३०. दर रविवारी सकाळी सात वाजता, बाहेर फिरून आल्यावर, काही खायच्या आधी. गळ्यातला पट्टा काढून. पट्टा एकशे चाळीस ग्रॅमचा आहे, लोक तो धरून मोजतात आणि वर वजन वाढलं म्हणतात.

संस्थेच्या बाईंनी हे आकडे बघितले आणि म्हणाल्या, काका, आमच्याकडे असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, तरी म्हटलं तुमची कुत्री बारीक का राहतात.

आता डॉक्टरांचं. दहा तारखेला घेऊन गेलो. त्यांनी त्यांच्या काट्यावर उभा केला, आकडा आला ११.२. आदल्याच दिवशी माझ्याकडे ११.६ होता. मी सरळ सांगितलं, तुमचा काटा चारशे ग्रॅम कमी दाखवतो. पाचसहा माणसं बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, चारशे ग्रॅमनं आभाळ कोसळत नाही." मी म्हटलं, "औषध वजनावर देता ना? मग मांजराच्या बाबतीत कोसळेल." एक बाई मांजर घेऊन बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की रक्त घ्यायला ते पासंगाऐवजी माझ्याकडेच येतील. मी पट्टा धरला आणि बाहेर पडलो.

संस्थेला कळवलं, डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलो होतो आणि आलो, यात एक अक्षर खोटं नाही. रक्ताचं बघू पुढे. ज्याला शून्य लावता येत नाही त्याच्या हातात सुई द्यायची माझी तयारी नाही. अंगाला लागतंय हे दिसतंय, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पुठ्ठ्याची पेटी कापून त्याला अंथरूण केलं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजून. तो त्यात झोपत नाही, खुर्चीलाच टेकतो.

धाकटा

४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

पहिल्या आठवड्यात तीनशे साठ ग्रॅम. दुसऱ्यात साडेचारशे. तिसऱ्यात आठशे ऐंशी. खाणं दुप्पट केलंस का? केलं असतंस तर तू ग्रॅमसकट लिहिलं असतंस. मग हे आलं कुठून? पी हळद नि हो गोरी, असं मांस चढत नसतं, बाबा. माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही.

एक कर. त्याच्या कण्यावरून हात फिरव. अजून करवत लागते का? लागत असेल आणि तरी वजन वाढत असेल, तर वजन दुसरीकडे कुठेतरी साठतंय.

डॉक्टरांची माफी माग आणि रक्त देऊन ये. काटा त्यांचा चुकला असेल, विद्या चुकलेली नाही. ते नको असतील तर दुसरे गाठ. पण जा.

आणि एक सांगते, राग मान. दोन पानी पत्रात कुत्र्याविषयी तू एकच ओळ लिहिलीस, खुर्चीला टेकतो ही. बाकी सगळं काट्याविषयी.

ताई

१२ मार्च

ताईस,

सांगितलंस म्हणून राग मानला.

तू वॉर्डात एकतीस वर्षं होतीस, कबूल. माझी छत्तीस वर्षं काट्यात गेली. सोनारापासून गिरणीपर्यंत या गावातला एकही काटा असा नाही जो माझ्या हाताखालून गेला नाही. मला कोणी गुरू नव्हता आणि कागदही नाही, पण मी लावलेलं शून्य आजवर हललेलं नाही. माणसं बनवाबनवी करतात. काटा करत नाही.

२ मार्च, १४.०१०. नऊ मार्च, १५.१२०. सोळाला उरले ८८० ग्रॅम. कण्याचं विचारलंस, तर हाडं अजून लागतात, त्याची जातच अंगानं सडसडीत असावी. पण पोट छान भरलंय. पोट सुटायला लागलंय म्हण ना, खात्यापित्या घरचं. काल शेजारचे शिंपी म्हणाले, कुत्रा की ढोलकं. मी बाईंना कळवून टाकलंय की हक्क आम्ही घेणार. पासंग इथंच राहील. तू येशील तेव्हा त्याच्या बाजूची खुर्ची तुला मिळणार नाही.

आता तू काढलंसच म्हणून बोलतो. आईची शेवटची दोन वर्षं माझ्या घरात गेली. तू वर्षातून दोनदा यायचीस, पिशवीभर फळं घेऊन. दर रविवारी तिला काट्यावर मी उभं करत होतो. सुकत चालली होती, तर शेवटच्या दीड महिन्यात साडेतीन किलो वाढवून दाखवलं. डॉक्टरसुद्धा काही बोलले नाहीत. तेव्हा सांभाळणं काय असतं ते मला पत्रातून शिकवू नकोस.

यापुढे कुत्र्याविषयी सल्ला नको. ख्यालीखुशालीचं पत्र लिहिशील तर वाचीन. सल्ल्याचा वास आला तर पाकीट फोडणार नाही. मी बोललो ते करतो, तुला माहीत आहे.

धाकटा

१५ मार्च

वन्संना नमस्कार.

यांना न सांगता लिहिते आहे. हे गिरणीवर गेलेत. उत्तर माझ्या नावानं पाठवू नका, टपाल खालून तेच आणतात.

यांनी तुम्हाला वजन कळवलं असेलच. बाकीचं मी कळवते. पासंग निम्मं ताट टाकतो. हे उरलेलं मोजतात आणि हातानं भरवतात, म्हणून संपतं. आठ दिवस खोकला आहे. आडवा होत नाही, बसून राहतो, भिंतीला नाहीतर यांच्या खुर्चीला टेकून. मला आधी वाटलं माया आहे. आता वाटतं आडवं झालं की त्याला दम लागतो. तीन पायऱ्या चढला की थांबतो आणि माझ्याकडे बघतो, जसं काही त्याचीच चूक आहे. पोट हातानं हलवलं की आतून पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळतं.

यांना म्हटलं, हे बरोबर नाही. म्हणाले, पंधरा किलो एकशे वीस, बरोबर कसं नाही?

वन्सं, हे वाईट नाहीत. रोज स्वतःच्या जेवणाआधी त्याचं करतात. पण माझं ऐकून कधी काही झालंय असं मला आठवत नाही. तुमचं कदाचित ऐकतील.

तुमची भावजय

२० मार्च

धाकट्या,

हे सल्ल्याचं पत्र आहे. फोड.

पासंगाच्या मागच्या पायावर, खुब्याच्या खाली नव्हे, पंज्याच्या वर, अंगठा दाबून दहा आकडे मोज. तुला मोजायला आवडतं. अंगठा काढ. खड्डा राहिला तर ते मांस नाही, पाणी आहे. पोटातही पाणीच आहे. त्याच क्षणी त्याला उचल आणि मिळेल त्या डॉक्टरांकडे ने. उद्यावर टाकू नकोस. रविवारची वाट बघू नकोस.

मला हे कळतं कारण मी आधी पाहिलंय. आईचे साडेतीन किलो पाणी होतं. तिचं हृदय थकलं होतं, पाणी पायांपासून वर चढत होतं आणि तू ते वहीत लिहून घेत होतास. सहा वर्षं मी हे तुला सांगितलं नाही. आज सांगते आहे कारण कुत्रा अजून जिवंत आहे.

रागाव, हवं तर आयुष्यभर रागाव. पण आधी अंगठा दाब.

ताई

६ एप्रिल

ताईस,

तुझं पत्र २४ तारखेला आलं. बोललो होतो त्याप्रमाणे मी ते फोडलं नाही. प्रमाण वजनांच्या खणात ठेवून दिलं. आदल्याच दिवशी, रविवारी, पासंग १६ किलो २१० ग्रॅम भरला होता. बाईंना कळवलं, त्यांनी अभिनंदन केलं, कागद तयार करते म्हणाल्या. त्या दिवशी तुझ्या पाकिटापुढे मला माझंच बरोबर वाटत होतं, हे लपवत नाही.

२६ ला मी गिरणीच्या मोठ्या काट्यासाठी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेलो. सव्वीसला दुपारी पासंग पायरीवर कोसळला. हिनं खण उघडला, पाकीट फोडलं, अंगठा दाबला. खड्डा राहिला. शिंप्याच्या मदतीनं गाडीत घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. सत्तावीसला मी आलो तर दाराला कुलूप, आणि टेबलावर तुझं पत्र, उघडं.

हृदयात जंत आहेत. डास चावून होतात म्हणे. रक्त तपासलं असतं तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं. पोटातून तीन लिटरांवर पाणी काढलं. त्यानंतर वजन १२.४०० भरलं. त्यांचा काटा अजून चारशे कमी दाखवतो, म्हणजे १२.८००. दोन महिन्यांत दीड किलो. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तो वाचला आहे. औषध चार महिने चालेल, सुया आहेत, त्या काळात त्याला धावू द्यायचं नाही, उत्तेजित होऊ द्यायचं नाही. मेलेला जंत फुप्फुसात अडकला तर संपलं. सध्या तो संस्थेत आहे. बाई म्हणतात, एका कबुलीजबाबावर सही करा, मग परत देतो. कागद आठवड्यात येईल.

आता माझं बोलणं ऐक. तू आठ ओळींत मला जे सांगितलंस ते सहा वर्षं तुझ्यापाशी होतं. आईच्या वेळी सांगितलं असतंस, निदान ती गेल्यावर तरी सांगितलं असतंस, तर वाढलेल्या वजनाकडे बघून मी पुन्हा हसलो नसतो. चौथ्याच रविवारी मीच अंगठा दाबला असता. तू मला अडाणी ठेवलंस, ताई. मी सगळं स्वतः शिकलो म्हणून मिरवतो. पण जे फक्त तुला माहीत होतं, ते मी कुठल्या काट्यातून शिकायचं होतं?

कुत्र्याची किंमत आईहून जास्त होती का, की त्याच्यासाठी तू बोललीस?

धाकटा

१३ एप्रिल

धाकट्या,

तुझं बरोबर आहे. याच्यापुढे मी काही लिहिलं तर ती सबब होईल, तरी लिहिते.

शेवटच्या वेळी मी आले तेव्हा तू दुकानात होतास. मी आईच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा राहिला. तिनं माझा चेहरा बघितला आणि पाय चादरीत ओढून घेतला. म्हणाली, "त्याला सांगू नकोस. रविवारी मी काट्यावर उभी राहते तेव्हा त्याचं तोंड बघ एकदा." मी तुमच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, फार दिवस नाहीत, पाणी उतरायच्या गोळ्या देतो. तुला ताकदीच्या म्हणून सांगितल्या. आईनंच तसं सांगायला लावलं.

ती गेल्यावर तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतास, शेवटी साडेतीन किलो वाढली होती. मी शेजारी उभी राहून भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, तेवढं तरी याच्याकडे राहू दे. ती दया नव्हती, आता कळतं. तुझ्याशी भांडायचा कंटाळा होता. तुझ्याशी भांडून कोणाला काय मिळालंय?

कुत्र्यासाठी बोलले कारण त्याला मला गप्प करता येत नव्हतं.

झालं ते झालं. कागद येईल तेव्हा न वाचता सही कर आणि त्याला घरी आण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. एकदा जाऊ दे तो पीळ.

ताई

२ मे

ताईस,

न वाचता सही कर, असं तू लिहिलंस. मी आयुष्यात न वाचता कशावर सही केलेली नाही.

कागदावर तीन ओळी होत्या. छापील, सगळ्यांना एकच. पहिली, सांगूनही रक्ताची तपासणी केली नाही. खरं आहे, त्यापुढे सही केली. दुसरी, संस्थेपासून माहिती लपवली. मी जाऊन आलो एवढंच कळवलं होतं, पण लपवलं हेही खरं. केली. तिसरी, जनावराचं चुकीचं वजन कळवलं.

मी बाईंना म्हटलं, ही ओळ खोडा. त्या म्हणाल्या, "काका, छापील आहे, करून टाका." मी म्हटलं, मी एक ग्रॅमही चुकीचा कळवलेला नाही. त्या दिवशी तो सोळा किलो दोनशे दहाच होता. आत काय होतं ते मला कळलं नाही, हा माझा गुन्हा. तसं लिहा, दहा वेळा सही करतो. माझं वजन चुकलं असं लिहू नका. त्या म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, वर पाठवायचा असतो कागद. मी पेन झाकून ठेवलं.

पासंग तिथंच होता, पिंजऱ्याच्या आत. मला बघून शेपटी हलवत होता. त्याला कुठं वाचता येतं?

ही शेजारीच बसली होती. मग हिनं कागद ओढला, माझ्या नावावर रेघ मारली, आपलं नाव लिहिलं आणि तिन्ही ओळींपुढे सही केली. बाई म्हणाल्या, घर तेच असेल तर आम्हाला देता येणार नाही. ही म्हणाली, "घर दुसरं देते." तिच्या बहिणीची खालची खोली रिकामी आहे, तिथला पत्ता घातला. मला विचारलं नाही.

खालीच खोली हवी, त्याला जिना नको, हे मलाही पटतं. आता ती तिथं आहे. औषध चार महिने आहे, म्हणजे ऑगस्टमध्ये येईल. तोवर दुकान आणि घर मी बघतोय. जाताना दोन दिवसांचा डबा करून गेली.

तू विचारशील, एका ओळीसाठी? हो. ती ओळ सोडली तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

धाकटा

१९ मे

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र या पत्त्यावर पोचलं. आता माझं टपाल मीच घेते.

पासंगाला दोन सुया झाल्या, एक राहिली. हिरड्या गुलाबी झाल्यात. खोलीतल्या खोलीत ठेवावं लागतं. दारावरची घंटा मी काढून ठेवली, बहिणीच्या घरचे सगळे हळू बोलतात. तो झोपलेला असतो तेव्हा मी शिवायला बसते. वजन किती आहे ते मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत आहे.

यांनी तुम्हाला लिहिलं की मी ऑगस्टमध्ये परत जाणार. औषध चार महिने आहे एवढंच मी बोलले होते. पुढचं त्यांनी धरून चाललंय. मी ते मोडलं नाही. आपण सगळ्या यांच्याशी असंच वागत आलो ना, वन्सं? सासूबाई, तुम्ही, मी. तेही चुकलंच, पण आता मला दमणूक नको वाटते.

बसनं इथं यायला चाळीस मिनिटं लागतात. सतरा दिवसांत ते आले नाहीत. परवा दुपारी एक हमाल मोठी लाकडी पेटी घेऊन दारात आला. म्हणाला, काटा आहे, शून्य लावून दिलंय, हलवू नका म्हणून सांगितलंय. मी विचारलं, कोणी? म्हणाला, "मालक गाडीतच बसलेत रस्त्यावर. आत या म्हटलं, तर म्हणाले, सामान उतरवून ये."

मी खिडकीतून बघणार, तोच पासंग उठला. पेटीला यांच्या हातांचा वास होता. कान उभे, सबंध अंग थरथरायला लागलं, दाराकडे झेप घेणार असा झाला. त्याला तसं होऊ देऊ नका, हेच डॉक्टरांनी बजावलंय. मी जमिनीवर बसले, दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि खाली दाबून धरलं. तो कण्हत होता. हमालाला खुणेनं सांगितलं, पेटी घेऊन जा, लवकर.

गाडी सुरू होऊन कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्याला सोडलं नाही.

तुमची भावजय